आईच्या नावाचं एक मत

ऑगस्टा, मेन राज्य
१९ जानेवारी १९९४

प्रिय आई,

मी इथे मजेत आहे. खोली उबदार आहे, खोकलाही जवळपास गेलाय. तुझा गुडघा कसा आहे?

सध्या दफ्तरखान्यात राज्याच्या सिनेटसाठीच्या आपल्या मतदारसंघाचे जुने निकाल उतरवून काढते आहे. बाहेर बर्फ पडत असतं, आणि आपल्याकडच्या गावांची नावं वाचता वाचता मी कुठे बसलेय तेच विसरते.

काल आपल्या गावाच्या तक्त्यात उमेदवारांच्या खाली, मतदारांनी मतपत्रिकेवर स्वतः हाताने लिहिलेल्या नावांत, तुझं नाव दिसलं. अर्डिस पेल्की, एक मत. साल १९६४. दोन वर्षांनी, पुढच्या निवडणुकीतही एकच. अशा सलग बारा निवडणुका.

आठवतं, त्या चौसष्ट साली तू म्हणाली होतीस, "यंदा मीच उभी राहते!" आणि बाबा हसले, "मग माझा घेवडा कोण शिजवणार?" तू आठवडाभर त्यांच्याशी बोलली नव्हतीस.

आधी वाटलं, तूच लिहीत असशील. पण अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये बाबा गेले. नोव्हेंबरात मीच तुला मतदानाला घेऊन गेले होते, आणि त्या वर्षीच्या तक्त्यात तुझं नाव नाही.

बारा वेळा ते तुझं नाव लिहून घरी आले, आई, आणि काही न बोलता जेवायला बसले.

जिन्यावरून जपून उतर.

तुझीच,
मेव्हिस