व्याह्यांकडे गेलेला लॅपटॉप आणि गुरुवारचा चहा

आदरणीय व्याही मुकाम्बेत यांना कोचकोरच्या एसेनगुलचा दोन्ही हातांनी सलाम.

माणसं, मेंढरं, घोडे सगळे धडधाकट ना? विहीणबाईंचे गुडघे काय म्हणतात? आमच्या होणाऱ्या जावईबापूंची, एर्मेकची, भूक अजून तशीच आहे ना? (असू द्या. झीबेकच्या हातचं खाल्ल्यावर ती आपोआप ताळ्यावर येईल.) आणि तुमचा उजवा कान कसा आहे? गेल्या खेपेला तुमच्या अंगणात मी करड्या घोड्याबद्दल चार चांगले शब्द बोललो आणि ते तुम्हाला ऐकूच गेले नाहीत, तेव्हापासून मला त्या कानाची काळजी लागून राहिली आहे. खरं तर फोनच करणार होतो, पण फोनही तुम्ही त्याच कानाला लावता. म्हणून हे पत्र नारीनच्या गाडीवाल्याच्या हाती देतोय.

आमच्याकडे बरं आहे. शनिवारच्या लग्नाच्या मेजवानीचा हॉल ठरला, कापायची घोडी ठरली, आमच्या हिने, बुरुलने, पिठाचे बोर्सोक तळायला शेजारच्या सगळ्या बायका कामाला लावल्या आहेत. अडलंय ते एकाच गोष्टीपाशी, आणि नेमकी तीच तेवढी झीबेकने मागितली आहे. आमची आई यंदा बर्फ वितळायच्या आत गेली. त्याच्या आधीच, ‘ही पोरगी मन ठरवेपर्यंत मी काही टिकत नाही’ असं म्हणून ती माझ्या पुतण्याच्या जुन्या कॅमेऱ्यासमोर बसली आणि नातीला लग्नाचा आशीर्वाद आगाऊ देऊन मोकळी झाली. आता झीबेक म्हणते, “बाबा, मला सोनं नको, गालिचे नको. हॉलमध्ये आधी आजीचा आशीर्वाद होऊ दे, मग कोणी घास उचला.” एवढंच मागणं. मी लगेच हो म्हणालो, कारण ते किती अवघड आहे हे मला ठाऊक नव्हतं.

कॅमेऱ्याच्या वायरीचं तोंड चपटं, आयताकृती. हॉलच्या प्रोजेक्टरच्या वायरीचं तोंड रुंद, निळं, दोन्ही कडांना स्क्रू. या दोघांच्या मधे बसून दोघांशी बोलेल असा लॅपटॉप हवा, बस. (पुतण्या म्हणाला, काका, कॅमेरा द्या, पेनड्राइव्हवर उतरवून देतो. या पोराने मागे माझ्या फोनमधले फोटो असेच उतरवले होते. ते अजून कुठे चढलेले नाहीत. आईला मी त्याच्या हाती देणार नाही.) तर मी दोन्ही वायरी गळ्यात घातल्या आणि बिश्केकचा बाजार गाठला. जन्मभर जनावरांचा डॉक्टर म्हणून मी घोड्याचं तोंड उघडून वय सांगत आलो. लॅपटॉपची तोंडं कुशीत असतात, हे मला पहिल्याच दुकानात कळलं. दुकानवाल्या गुलबारा बाईंनी चपातीएवढं पातळ यंत्र पुढे केलं. त्याला एका बाजूला एकच बारीकसं भोक, दुसरी बाजू कोरी. बाकीची कुठे आहेत, असं मी विचारलं.

“आबा, भोकांचा जमाना गेला. आता सगळं हवेतून जातं.”

“आमच्या गावात हवेतून फक्त धूळ जाते,” मी म्हणालो.

मग त्यांनी त्या भोकात खुपसायचा एक जोड दिला, त्याला सगळ्या प्रकारची तोंडं. मी खूश होऊन घरी आणलं. घरी कळलं की चार्जरलाही तेच एक भोक लागतं आणि आमच्या जोडातून वीज आत जात नाही. म्हणजे चारा घातला की काम नाही, कामाला जुंपलं की उपाशी. त्यात कोणी हसलं तरी जोड निसटायचा. आईने हात वर केला की पडदा काळा. दर वेळी तिथेच. झीबेक उठून भांडी घासायला गेली. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बाजार. गुलबारा बाईंनी माझं तोंड पाहिलं आणि मागच्या फळीवरून एक जुना लॅपटॉप काढला. विटेसारखा जड, पण कुशीत हवं ते सगळं. चपटी भोकं, निळं रुंद तोंड, चार्जरचं वेगळं. असला हा शेवटचाच, असं त्या म्हणाल्या. मी तिथेच कॅमेरा जोडला आणि आवाज नको तितका मोठा झाला. आई भर बाजारात म्हणाली, “आशीर्वादाला हात पसरा, पोरांनो.” व्याहीबुवा, खोटं सांगत नाही, गुलबारा बाईंनी हात पसरले. समोरच्या मोबाइल कव्हरवाल्याने पसरले, चहाची किटली घेऊन चाललेल्या बाईने किटली खाली ठेवून पसरले. शेवटी सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले आणि आपापल्या कामाला लागले. (नंतर घासाघीस करायला तोंडच राहिलं नाही. सांगितली ती किंमत मोजली.)

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही लग्नाचा दिवस पक्का करायला आलात, मानाच्या जागी बसलात, आणि तुमची नजर कोपऱ्यात गेली. ‘मजबूत यंत्र आहे,’ असं तुम्ही एकदा म्हणालात, तो शिष्टाचार. दुसऱ्यांदा म्हणालात तेव्हा बुरुलने मांसाची परात तुमच्या आणि लॅपटॉपच्या मधे आणून ठेवली. तिसऱ्यांदा तुम्ही परातीवरून वाकून म्हणालात. पाहुण्याने तिसऱ्यांदा वाखाणलेली वस्तू पाहुण्याची, ही आपली वाडवडिलांची रीत, आणि मी ‘तुमचाच समजा’ म्हणालो. पाहुण्याने तीनदा नको म्हणायचं, हीसुद्धा रीतच आहे. तुम्ही एकदाच म्हणालात, तेही तो काखेत धरून. ऐकतो की हल्ली तुम्ही त्यावर कोक-बोरूचे घोड्यांवरचे सामने बघता.

गैरसमज नसावा. दिलेली भेट परत मागणारा माणूस मी नाही. जावई शंभर वर्षांचा, व्याही हजार वर्षांचा, असं आपल्यात म्हणतात. एका लॅपटॉपपायी हजार वर्षं कोण बिघडवतो? घरातल्या सगळ्यांना सलाम, लहानांचे मुके.

आपला,
एसेनगुल

ता. क. गुरुवारी नारीनला एका गाभण गायीला पाहायला येतोय. जाताना तुमच्याकडे चहाला थांबेन. खास काही करू नका. कॅमेरा आणि दोन्ही वायरी बरोबर असतील, त्याकडे लक्ष देऊ नका.

ता. क. २. गाय मी बनवून सांगितली. चहा घेताना मी तुमच्या एका वस्तूची स्तुती करणार आहे. तीनदा करेन, सावकाश, मधे घोट घेत. घोड्याची नाही, त्याची धास्ती घेऊ नका.

ता. क. ३. बुरुल म्हणते, त्यांना ऐकू जायचं नाही. म्हणून मी तुमच्या डाव्या बाजूला बसेन. आणि शनिवारी हॉलमध्येही तुम्ही डावा कान पुढे करून बसा. आईचा आवाज शेवटी बारीक होतो, आणि झीबेकचं झाल्यावर ती म्हणते, “जे घर माझ्या नातीला सून म्हणून नेईल, त्या घराची चूल कधी विझू नये.” तेव्हा तिला तुमचं नाव ठाऊक नव्हतं. पण ते तुम्हालाच आहे.