गव्हाच्या कोठीतला कोयता

२५ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी फिजिओवाली येऊन गेली. ह्यांच्या उजव्या हाताची बोटं आज चमच्याभोवती मिटली. "आंटी, देखिए, पकड़ आ रही है!" माझ्यापेक्षा तीच जास्त खूश. हे खिडकीबाहेर बघत बसलेले. श्रावणात अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून असंच. पाय वाचला, जीभ वाचली, हात अर्धामुर्धा वाचला आणि बोलणं बंद. डॉक्टर म्हणतात बोलण्यात काही दोष नाही. मग? बोलायचं नाही म्हणून बोलत नाहीत. हट्टी माणूस.

ती गेल्यावर मागच्या पायरीवर कोयता घासून घासून त्याची धार मोडली आणि गव्हाच्या कोठीत तळाशी पुरून टाकला. करणार काय? परवा कपडे वाळत घालून आत आले, तर हे तो उजव्या हातात धरायला बघत होते. सुटला. पावलाच्या शेजारीच पडला. 

पायरीवर पांढरे ओरखडे उठलेत. वर पायपुसणं टाकलंय.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

विसरलेच होते! आमच्या इंदूरला आज आम्ही पाटीपुस्तकं पुजायचो, झालं. ह्यांच्या नागपूरकडच्या घरात शस्त्र पुजतात, आणि शस्त्र म्हणजे हा एकच. ट्रकच्या कमानपट्ट्यातून फिरत्या गाडिया लोहारानं ठोकून दिलेला, हातभर लांब, सरळ पाठीचा. आमच्या लग्नाआधीपासूनचा. माझी सवतच.

हे आंघोळ करून पाटापुढे बसले. "कोयता?"

किती दिवसांनी तोंड उघडलं, तर हे! देवापुढे खोटं बोलवेना. कोठीत खांद्यापर्यंत हात घालून काढला. एरंडेल लावलेला गहू, दाणे चिकटलेले पात्याला. ह्यांनी दाणे झटकले. डाव्या हातानं हळदकुंकू वाहिलं, मग पात्यावरून अंगठा फिरवला. मी उगाच झेंडूच्या पाकळ्या निवडत बसले.

आता तो देव्हाऱ्याखालीच आहे. परत लपवायची सोय नाही.

१९ नोव्हें., बुधवार

दिनकरराव आले होते. कारखान्यात ह्यांच्याबरोबर सगळी नोकरी केलेले, इथेच आमच्या बरखेड्यात दोन गल्ल्या सोडून राहतात. पुढच्या बुधवारी चंपाषष्ठी. घरी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य, आणि नंतरच्या रविवारी सगळी नागपूरकर मंडळी दि.रावांच्या गावाबाहेर कोलारपुढच्या प्लॉटवर. रोडगे गोवऱ्यांवर, वरण आणि वांग्याची भाजी चुलीवर. चुलीची लाकडं फाडायची ह्यांनी. दरवर्षी ह्यांनीच. कुऱ्हाडीला हात लावत नाहीत. "कुऱ्हाड उडते, कोयता सांगू तिथंच जातो." लाकूड उभं करायचं, त्याच्या डोक्यावर पातं ठेवायचं आणि पात्याच्या पाठीवर दांडक्यानं ठोकायचं. घाव घालणं नाहीच.

दि.राव म्हणाले, "वहिनी, यंदा लाकडाच्या टालीवरून विकतची, फाडलेलीच आणतो. त्यानं नुसतं खुर्चीवर बसावं." भल्या मनानं म्हणाले बिचारे. हे उठले आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं.

नाही नेलं तर हे कायमचे त्या खोलीचे होतील. नेलं तर कोयता आहेच. इकडे आड, तिकडे विहीर. मला भीती वाटते, दोन्हीची.

२६ नोव्हें. चंपाषष्ठी

नैवेद्य झाला. जेवताना हे म्हणाले, "रविवारी जायचं. कोयता घे."

विचारलं नाही, सांगितलं.  पण दोन वाक्यं, लागोपाठ! दि.रावांना फोन केला, टालीवरची लाकडं नकोत. ते म्हणाले, "वहिनी, विचार केलाय ना?" केला कुठला.

३० नोव्हें., रविवार, संध्याकाळ

तळव्याला फोड आलेत, पेन टोचतंय. तरी लिहितेच.

सकाळी दांडक्याच्या ऐवजी मी आपली कपडे बडवायची मोगरी पिशवीत घातली. मशीन आल्यापासून पडूनच होती. प्लॉटवर वाळलेल्या सुबाभळीचे ओंडके. सगळ्यांनी ह्यांच्याकडे न बघण्याचं नाटक केलं. हे खाली बसले, ओंडका उभा केला, डाव्या हातानं कोयता त्याच्यावर ठेवला. आणि उजव्यानं मोगरी उचलायला गेले. नाही उचलली गेली. पुन्हा नाही.

वांगी चिरणाऱ्या बायकांच्या विळ्या थांबल्या.

मी जाऊन मोगरी घेतली. काय करतेय कळत नव्हतं. "धरा तुम्ही," म्हटलं, "मी मारते."

पहिला ठोका घाबरत. पातं जागचं हललं नाही. दुसरा तिरका बसला आणि हे ओरडले. खरंच ओरडले, पूर्वीसारखे, अख्ख्या प्लॉटला ऐकू जाईल असे. "अशी काय मारून राहिली! उभं मार, उभं! कणीक तिंबून राहिली का?"

एरवी मी ऐकून घेतलं नसतं. आज डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग मारलं. श्रावणापासूनचं जे काय साठलं होतं, ते सगळं मारलं. ओंडका कर्रर्र करत उकलला आणि दोन फाका दोन बाजूंना पडल्या. दि.रावांनी शिट्टी वाजवली, ह्या वयात!

पुढचे ओंडके आम्ही दोघांनीच फाडले. हे पातं धरणार, "हं" म्हणणार, मी ठोकणार. हात ह्यांचा, जीव माझा मुठीत. पण पातं तसूभर सरकलं नाही. डावा हात पक्का आहे, ते मला आज कळलं.

मधेच हळूच म्हणाले, "धार तू घालवली ना?"

मी फाका गोळा करायला लागले.

"खंडेनवमीलाच कळलं. बरं केलं. फाडायला धार कशाला लागते, पाठ जड पाहिजे." आणि हसले. वाकडं, एका बाजूनं, पण हसले.

रोडगे खाल्ले. आमच्या इंदूरच्या, तुपात बुडवलेल्या बाफल्यांची सर नाही, हे मी दरवर्षीप्रमाणे सांगितलं. दरवर्षीप्रमाणे भांडण झालं. किती हलकं वाटतंय म्हणून सांगू.

१४ डिसेंबर, रविवार

काल डॉक्टरांकडे. सुधारणा आहे, पण हात पूर्ण येईल का, आत्ता सांगता येत नाही म्हणाले. उन्हाळ्यानंतर बघू. येताना रिक्षात हे रिक्षावाल्याशी रस्त्यातल्या खड्ड्यांवरून वाद घालत होते, म्हणजे ठीकच म्हणायचं.

आज दुपारी मागून खर्र खर्र आवाज. बघते तर पायपुसणं बाजूला, हे त्या ओरखड्यांच्या पायरीवर उन्हात बसलेले. कोयता मांडीवर, त्याला डावा हात. उजव्या हातात धारेचा दगड. दगड पडतो, उचलतात, पाण्यात बुडवतात, परत घासतात.

म्हणजे पुन्हा धार. पुन्हा माझा जीव टांगणीला. ओरडावं की बाहेर जाऊन बसावं, कळेना. दारातच उभी राहिले.

मान वर न करता म्हणाले, "गहू संपत आला ना? कोठी भरून ठेव."

"का?"

"तुला परत लपवायला जागा नको का?"