काचेच्या राजाचा चेहरा

संत डेनिसचा दिवस

पोचलो एकदाचे पॅरिसला! त्र्वाहून येताना खटाऱ्यात हाडं खिळखिळी झाली, पण रंग ठेवायचे शिंपले सगळे शाबूत. उस्ताद गोंतिए यांच्या चित्रशाळेत काम मिळालंय, प्रार्थनेच्या पोथ्यांत चित्रं काढायचं. राहायला वरची खोली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच असं पोटातून हसू येतंय. सोन्याचा वर्ख लावणारी ड्रूएट आल्याआल्याच म्हणाली, त्र्वाची माणसं म्हणजे नुसती सॉसेज आणि बडबड. मी म्हटलं, सॉसेज संपली बाई, बडबड मात्र भरपूर आणलीय. जमेल आमचं.

माझ्या लेकीला, तिफेनला, जिना फार आवडला. सहा वर्षांची घोडी झाली, पण धडधडत वर येते आणि दारातूनच माझ्या गळ्यात झेप घेते. आज दोनदा मला पाडलं कार्टीनं. मार खायची लक्षणं! पण कुशीत शिरली की रागवायचं राहूनच जातं.

संत लूकचा दिवस

चित्रकारांचा सण. हंस भाजला होता, सगळ्यांची तोंडं तुपकट. जेवणानंतर उस्तादांनी चित्रशाळेची रीत सांगितली. राजाचं चित्र काढताना सगळं काढायचं आणि चेहरा कोरा ठेवायचा. मग एक जुना नमुना आहे, त्यावरून चेहरा उतरवायचा. राजा विशीत होता तेव्हाचा तो नमुना. राजाकडे बघायचं नाही, नमुन्याकडे बघायचं.

मी म्हटलं, हा चेहरा तर खरबुजालाही शोभेल. सगळे हसले, उस्ताद सोडून. माझ्या बापानं मला वेगळं शिकवलंय. ज्याचा चेहरा काढायचा, आधी त्याच्यासारखं बसायचं. मान तशी, ओठ तसे, श्वाससुद्धा तसाच. मग पितळी आरशात बघायचं आणि काढायचं. उस्ताद म्हणाले, इथे तसलं काही करायचं नाही. का, ते सांगेनात. म्हातारे खडूस आहेत, झालं.

सर्व संतांचा दिवस

आज राजवाड्यात गेले! राजाला वेडाचा झटका आला की तो स्वतःची चित्रं नखांनी खरवडतो. त्याच्या पोथीतलं एक पान असंच गेलंय. पोथी बाहेर देत नाहीत आणि उस्तादांचा पाय सुजलाय, म्हणून पानाचं माप घ्यायला मला धाडलं, जुळवायला नमुना हातात देऊन; नवं पान चित्रशाळेतच रंगवायचं. मान वर करू नकोस, असं चारदा बजावलं.

मी केली वर. चित्रकार बाई, करणार काय?

खिडकीशी बसला होता. दाढी वाढलेली, अंगाला वास. हात शरीरापासून दूर धरलेले, तळवे पुढे, कुणाला तरी थांबवल्यासारखे. चाकर माझ्या कानात म्हणाला, महाराजांना वाटतं आपण काचेचे आहोत, कुणी शिवलं तर फुटू. म्हणून कपड्यांत लोखंडी पट्ट्या शिवून घेतल्यात. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. एवढी भीती मी कुणाच्याच डोळ्यांत पाहिली नव्हती. फार कळवळले मी.

घरी येऊन तसाच बसायचा सराव केला. तळवे पुढे, श्वास अर्धा. आरशात तो दिसायला लागला. नमुना उघडलाच नाही.

संत मार्टिनचा दिवस

चित्र झालं. माझ्या हातून इतकं चांगलं कधी झालं नव्हतं. उस्तादांनी पाहिलं आणि खालीच बसले. म्हणाले, चाकू घे, आत्ताच्या आत्ता चेहरा खरवड. पण राजवाड्याचा माणूस आलाच होता, पान घेऊन गेला. उस्तादांनी विचारलं, तशी बसली होतीस का? मी हो म्हटलं. ते लंगडत आत निघून गेले.

संध्याकाळी तिफेननं नेहमीसारखी झेप घेतली आणि माझे हात आपोआप पुढे आले, तळवे बाहेर. ती आपटली. रडली नाही, नुसती बघत राहिली. भाजलेले चेस्टनट देऊन समजूत काढली. थकलेय मी, दुसरं काही नाही.

संत कॅथरीनचा दिवस

गावभर घंटा वाजताहेत. राजा बरा झाला! आंघोळ केली, पट्ट्या काढून फेकल्या, राणीला नावानं हाक मारली. चाकर सांगत होता, माझं चित्र बराच वेळ बघत बसले आणि मग हसत उठले. आनंदानं ड्रूएटनं मला मिठी मारली. मी किंचाळले. सगळे बघायला लागले.

कोपर मेजाला लागलं तेव्हा आवाज आला. टण्ण. ड्रूएट म्हणते, पितळी वाटी असेल. मेजावर वाटी नव्हती.

संत निकोलसचा दिवस

हात उजेडात धरला. पलीकडचं दिसतं. थोडंसं, पण दिसतं. ड्रूएटला दाखवलं. म्हणाली, अगं बाई, हात आहे हात, जेवत जा जरा. मग तिनं माझी खोली झाडली आणि तिच्या पायात कुसळ गेलं. काचेचं. खिडकीवाल्याला शिव्या घालत बसली.

आमच्या खिडक्यांना तेल लावलेलं कातडं आहे. या घरात काच आहेच कुठे?

तिफेनला खाली ड्रूएटकडे झोपवलं. पायरीवर बसून पोरीनं ड्रूएटला विचारलं म्हणे, मी काय वाईट वागले?

संत ल्यूसीचा दिवस

राजवाड्यावर गेले. भिंतींना न लागता — लोकांना न लागता —

पाया पडले चाकराच्या. म्हटलं, पान एकदा हातात द्या. चेहरा तेवढा खरवडते, नमुन्याचा बसवते. तो म्हणाला, महाराज बरे झालेत, त्यांना परत वेडं करायचंय का तुला? मी म्हटलं, हो. मोठ्यानं म्हटलं. हो, करायचंय. मला लेक आहे.

रखवालदारांनी ढकललं. करंगळीला चीर गेलीय. रक्त नाही. चीर वर चढतेय.

नाताळची आदली सकाळ

उस्तादांना विचारलं, उपाय? दाराबाहेरून बोलले. माझ्या आधी एकानं असंच केलं होतं — त्यांचा भाऊ. तो फुटला का, विचारलं. नुसते रडले.

चीर मनगटापर्यंत आलीय.

नाताळ

फुटायची भीती नाही आता. फुटेन. फुटू दे. पण काचा उडतील ना — तिच्या डोळ्यांत, गळ्यात —

अंगाला गोधड्या बांधल्या. दाराला खुर्ची लावली. जोरात सरकवता येत नाही, हात —

खालून ड्रूएटचा आवाज. तिफेनला सांगतेय, सणाचा दिवस आहे, जा वर, आईच्या कुशीत शीर, सगळं बरं होतं बघ. देवा, ड्रूएट, नको. ओरडतेय मी — आवाज बारीक निघतो, कुणी प्याल्याच्या काठावर बोट फिरवावं तसा —

जिना. धडधडत. किती दिवसांनी अशी धावतेय माझी —

खुर्ची सरकली —

तिफेन, राणी, तिथेच थांब, आईवर झेप घेऊ न