लुवेनियाच्या नावाचा पुकारा

मी, ओझेला ट्रॅमेल, वय एक्याऐंशी, राहणार सेल्मा, अलाबामा, निवृत्त शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी वादाला बसावे. दडपण कुणाचेही नाही. आधीची सगळी मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. माझी पुस्तके गावच्या वाचनालयाला द्यावीत. समासात मी लेखकांशी भांडले आहे. ती भांडणे खोडू नयेत.

२. बिडाचा तवा लुवेनिया बिग्सबीची मुलगी नेटी हिला. त्याला साबण लावायचा नाही.

३. बँकेतली शिल्लक माझ्या शाळेतल्या मुलींच्या वक्तृत्व स्पर्धेला. विषय मुलींनी निवडावा. परीक्षक निवडतात तेव्हा मुली परीक्षकांना आवडेल तेच बोलतात.

४. घर. यासाठीच मुख्यतः लिहायला बसले.

कॉलेजात असताना लुवेनिया आणि मी एकाच संध्याकाळी लॅम्डा ओमेगा झीटा या भगिनीसंघात दाखल झालो. आमच्यात पदवी मिळाली म्हणून संघ सुटत नाही. गावच्या शाखेत नाव घालायचे, मग मतदारनोंदणी, मुलींच्या शिकवण्या, आजारी बहिणींचे डबे, हे मरेपर्यंत चालते. आणि बहीण वारली की शाखा पांढऱ्या कपड्यांत जमते, एकमेकींचे हात धरून कडे करते आणि अध्यक्षा शेवटची हजेरी घेते. गेलेलीचे नाव पुकारले की सगळ्याजणी तिच्या वतीने म्हणतात, "हजर!" मी कित्येकींसाठी हे म्हटले आहे. माझ्यासाठीही कुणी म्हणावे, एवढीच हौस उरली आहे.

लुवेनियाचा नवरा अर्धांगाने अंथरुणाला खिळला, तेव्हापासून तिचे सभांना येणे थांबले. दोन वर्षांपूर्वी ती गेली. आमची अध्यक्षा कॉर्डेलिया प्रुइट हिने तिला कडे नाकारले.

"ओझेलाताई, नियम मी नाही केले. सभांना न येणारीचं नाव पटावरून जातं."

"सभांना येत नव्हती, कामाला होती. मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्यांना गाडीतून नेणाऱ्या आपल्या पोरींना नाश्ता कुणाच्या घरी मिळायचा? एका हाताने नवऱ्याला भरवत, दुसऱ्या हातात फोन धरून अख्ख्या गल्लीला मतदानाला कोण उठवायचं?"

"ते सगळं खरं हो. पण पटावर नाही ना ती!"

"मग पट तुझ्याकडे ठेव, कॉर्डेलिया. बहीण मला दे."

मी उभी राहून बोलले, आणि मी बोलते तेव्हा खिडक्या लावून घ्याव्या लागतात. तरी शाखेच्या मतदानात हरले. दुसऱ्या दिवशी लुवेनियाला पुरले तेव्हा पांढऱ्या कपड्यांत मी एकटीच होते. एकटीचे कडे होत नाही.

शाखा आजही चर्चच्या तळघरात भरते आणि तिथे पाणी झिरपते. माझे घर त्यांना हवे आहे. कॉर्डेलियाने पडद्यांचा रंगही ठरवल्याचे कानावर आले. घर शाखेला मिळेल, पण एका अटीवर. माझ्या अंत्यविधीला जे कडे धराल त्यात दोन जागा रिकाम्या सोडायच्या. नावेही दोन पुकारायची, आधी लुवेनियाचे, मग माझे. पट दुरुस्त करा वा करू नका.

अट मान्य नसेल तर माझ्या कबरीशी कुणीही पांढरे घालून येऊ नये. माझे नाव पुकारू नये. मग घर माझा भाचा थर्मन याला जाईल. तो म्हणतो, "मावशी, मला दिलंस तर महिन्याभरात टायरवाल्याला विकणार, आधीच सांगतो." खरे बोलतो म्हणून तो मला आवडतो. कॉर्डेलियाने त्याचे म्हणणे खरे धरावे.

५. माझा पांढरा पोशाख कपाटात इस्त्री करून ठेवला आहे. मला त्यातच पुरावे.

६. कडे कबरस्तानात लुवेनियाच्या डाव्या अंगाला उभे राहून धरावे. तिला उजव्या कानाने ऐकू येत नसे. आणि "हजर" मोठ्याने म्हणावे.

सही: ओझेला ट्रॅमेल
सेल्मा, अलाबामा. ९ ऑक्टोबर २०१९

ओझेलाबाईंनी हे मृत्युपत्र आम्हा दोघांना उभे राहून वाचून दाखवले आणि आमच्यासमक्ष सही केली. आम्हाला यातून काहीही मिळणार नाही.

साक्षीदार:
डेलरॉय हंटली, केशकर्तनकार
इमोजीन स्टॉल्स, चर्चमधील ऑर्गनवादक