टेबलावरची जांभळी टोपी

प्रिय बाबा,

डाकोटातून, ट्रकमधूनच फोन करून तुम्ही आईला म्हणालात, "धर्माची गाय, आणि दात का गं नाय! फुकट शिकायला मिळतंय तर पोरगी खोट काढतेय." हो, मोजले मी दात.

उद्या शाळेच्या हॉलमध्ये टेबलावर कॉलेजांच्या टोप्या मांडतील. मी निवडलेल्या कॉलेजची टोपी उचलून डोक्यावर घातली, की अख्खं गाव टाळ्या वाजवणार. आजीनं जांभळा केकही करून ठेवलाय, कारण मला सॉफ्टबॉलसाठी शिष्यवृत्ती देणाऱ्या कॉलेजचा रंग जांभळा.

पण त्यांच्या कोचबाईंना मी विचारलं, "नर्सिंग घेता येईल ना?"

त्या गोड हसल्या. "बाळा, नर्सिंगची प्रॅक्टिकल्स दुपारी, आपला सराव दुपारी. सोपासा विषय घे, सगळ्या पोरी घेतात."

"आणि माझा खांदा गेला तर?"

"असं अभद्र बोलू नये गं!"

म्हणजे शिष्यवृत्ती खांद्याला आहे, मला नाही.

तुम्ही म्हणाल, मग काय गावातल्या कॉलेजात जाऊन संध्याकाळी हॉटेलात ताटल्या उचलणार? उचलीन! नर्सिंग तर माझं राहील. त्या कॉलेजला संघ नाही, त्यामुळे टोपीही नाही. म्हणून आईनं तुमच्याच जुन्या टोपीवर त्याचं नाव शिवून दिलंय.

हे पत्र पाठवत नाही. आधी कळलं तर तुम्ही फोनवर रडाल आणि मी विरघळेन. उद्या आई फोनवर दाखवेल, तेव्हाच बघा. जांभळी टोपी टेबलावरच राहील. माझ्या डोक्यावर तुमची असेल.

दात मोजणारी तुमची,
टेसा