एकशे वीस फरश्या आणि मातीचे अठरा थर

आधी घडलेले, क्रमाने:

१. दि. २१ मार्च १९६२, बुधवार. मौजे वाघजाळी, तालुका कळंब. दुपारी पावणेचारला गारा सुरू झाल्या. पंचवीस मिनिटे पडल्या. मोठी गार लिंबाएवढी होती.

२. मुलींच्या शाळेच्या पूर्वेकडील खोलीवर सिमेंटचे पत्रे होते. ते दोन वर्षांपूर्वी टाकलेले. त्यांचा नकाशा मी काढला होता. पहिल्या पाच मिनिटांत अकरा पत्रे फुटले. कोणाला लागले नाही.

३. शिक्षिका द्वारकाबाई यांनी सर्व मुलींना पश्चिमेकडील खोलीत नेले. त्या खोलीवर जुने माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छप्पर, होते. मातीला गार फोडू शकत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. ते खरेही आहे.

४. माळवदाच्या दोन्ही पन्हाळी गारांनी बुजल्या. वर गारा आणि पाणी साचले. गारा थांबल्यानंतर दहा मिनिटांनी मधली तुळई मोडली.

५. सहा मुली जखमी झाल्या. एक गेली. खातून, वय नऊ वर्षे, माझ्या थोरल्या भावाची मुलगी.

६. तिसऱ्या दिवशी मी ढिगारा मोजला. मातीचे थर अठरा. एकूण जाडी चौदा इंच.

मी, मेहरुन्निसा जैनोद्दीन तांबोळी, वय सत्तावीस, अविवाहित, धंदा नोकरी (नकशानवीस, बांधकाम कचेरी, धाराशिव), हा कागद स्वतःच्या अक्षरात लिहिते. माझी बुद्धी शाबूत आहे, हात स्थिर आहे, शेजारी बसून कोणी सांगत नाही. हृदयाची एक झडप बिघडली आहे. दि. २० जानेवारीला मला मिरजेच्या दवाखान्यात दाखल व्हायचे आहे. वाचण्याचा संभव किती, हे मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "बाई, असं आकड्यांत सांगता येत नाही." मला आकड्याशिवाय काही समजत नाही, म्हणून हा कागद.

माझे पहिले शिक्षण उर्दूत झाले आणि घरात आम्ही दखनी बोलतो. हे, घरच्यांच्या बोलण्यासकट, मराठीत लिहिले आहे, कारण ते गावात वाचले जाईल.

कलम १. घर. वडिलांच्या घरातील माझा वाटा मी ते वारले त्याच वर्षी भाईजान, म्हणजे माझे थोरले भाऊ, खातूनचे वडील शब्बीर, यांच्या नावे सोडला आहे. त्यात फेरबदल नाही.

कलम २. फरश्या. वडिलांच्या घराच्या आवारात, उत्तरेच्या भिंतीला लागून, तीन फूट बाय दोन फूट, दोन इंच जाडीच्या एकशे वीस शहाबादी फरश्या रचलेल्या आहेत. त्यांच्यामागे सागवानी कड्या आणि तुळया आहेत. हे सर्व माझ्या पगारातून घेतलेले आहे आणि ते मी वाघजाळीच्या मुलींच्या शाळेला, दोन्ही खोल्यांच्या छपरासाठी, देत आहे. दोन खोल्यांना एकशे आठ फरश्या लागतात. बारा जास्तीच्या आहेत, फुटतील म्हणून.

आवाराला गेल्या महिन्यापासून कुलूप आहे. ते भाईजान यांनी लावले आहे. मी किल्ली मागितली तेव्हा ते म्हणाले, "त्या शाळेला दगडाची खपलीबी न्हाय मिळनार. लई दिलं म्या तिला." अम्मा जात्याजवळ बसली होती. ती म्हणाली, "फत्तर हायत, पडून ऱ्हातील. पोरांनो, तुमी तरी बोला एकमेकांशी." मी किल्लीशिवाय धाराशिवला परतले.

कलम ३. फरश्याच का. शाळा कमिटीचे आण्णासाहेब हे विचारतील, म्हणून लिहून ठेवते. आमच्या भागात फाल्गुन-चैत्रात गारा होतात. दरवर्षी नाही, पण केव्हा ते सांगता येत नाही. छपराची निवड वाईट वर्षाकडे पाहून करायची असते.

कौले, गावठी असोत की मंगळुरी, गारेने फुटतात. सिमेंटचा पत्रा फुटतो. तो मी हलका म्हणून सुचवला होता. वजन पाहिले, मार पाहिला नाही. ती चूक माझी आहे. लोखंडी पत्रा जाड असेल तर त्याला पोचा पडतो, तो फुटत नाही. पण गारेत त्याखाली कानठळ्या बसतात. शाळा सध्या चावडीत भरते, तिथे लोखंडी पत्रे आहेत. साधा पाऊस आला तरी मुली उठून बाहेर पळतात. त्यांना पुन्हा पत्र्याखाली बसवू नये.

माळवद चांगले छप्पर आहे. दोष आमच्या रीतीत होता. ज्या घरचे लेकरू शाळेत, त्या घराने मृगाआधी गढीची पांढरी माती शाळेच्या माळवदावर टाकायची, आणि लेकरासाठी टाकलेली माती खरवडून काढायची नाही. १९४४ पासून एकदाही काढली नाही. १९६० साली मी माळवदावर चढले होते, पायाने दाबून पाहिले. भक्कम वाटले. भोक पाडून जाडी मोजली नाही. हीसुद्धा माझी चूक आहे, आणि पत्र्यांपेक्षा मोठी. चौदा इंचांत कोणत्या घरची माती किती, हे मी कागदावर आणलेले नाही. कोणी आणू नये.

दोन इंच फरशी आणि वर तीन इंच चुन्याचा कोबा, यांचे वजन त्या मातीच्या निम्म्याहून कमी भरते. कड्या दीड-दीड फुटावर असाव्यात. उतार फुटाला अर्धा इंच. पन्हाळी चार, प्रत्येकी वीतभर रुंद, म्हणजे गारांनी बुजणार नाहीत. काम उमरग्याचे गवंडी वीरप्पा यांनीच करावे. पहिल्या भेटीत ते मला म्हणाले, "फरशी म्हंजी सून हाय बाई. नीट बसवली तर घर धरून ऱ्हाती, न्हाय तर डोक्यावर बसती." मी म्हटले, मी कोणाची सून नाही, मला कोन सांगा. त्यांनी कोन बरोबर सांगितला.

कलम ४. छपरावर पुन्हा माती टाकायची नाही. घराघरातून माती येईल, ती परत पाठवू नये. तिने शाळेचा ओटा आणि जमीन सारवावी. लेकराची माती लेकराच्या पायाखाली असावी.

कलम ५. माझा ओळंबा वीरप्पा यांना. नकाशाचा फळा, टी-पट्टी आणि शाईच्या लेखण्या, या शाळेतून जी मुलगी पहिल्यांदा सातवी पास होईल तिला. तिला नकाशाकाम शिकायचे नसेल तर तिने ते विकून हवे ते शिकावे. लोखंडी टेप शाळेला. दर माघात पन्हाळी मोजून साफ कराव्यात.

कलम ६. आण्णासाहेब यांना फुटलेल्या सिमेंट पत्र्याचा एक तुकडा, मधोमध भोक असलेला. गारपिटीनंतरच्या बैठकीत ते म्हणाले होते, "बाईमानसानं नकाशा काढला, दुसरं काय व्हनार?" पत्र्याबद्दल त्यांचे म्हणणे मान्य आहे. परंतु पश्चिमेच्या खोलीचा नकाशा कोणीच काढला नव्हता, बाईनेही नाही, पुरुषानेही नाही. पुढच्या बैठकीत त्यांनी तो तुकडा समोर ठेवावा.

कलम ७. द्वारकाबाई यांना काही ठेवलेले नाही, कारण त्या साक्षीदार आहेत. त्यांच्याविषयी एवढेच: त्या वेळी मी तिथे असते तर मुलींना मीही पश्चिमेच्या खोलीतच नेले असते.

कलम ८. बाकी राहील ते शरियतप्रमाणे माझ्या दोन वारसांचे, अम्मा सरदारबी आणि भाईजान यांचे. एक तृतीयांशापेक्षा जास्त बाहेर द्यायचे तर वारसांची संमती लागते. फरश्या आणि लाकूड मिळून माझ्या मालमत्तेच्या निम्म्याहून जास्त होते. म्हणजे दोघांची संमती नसेल तर कलम २ पूर्णपणे अमलात येत नाही, एकच खोली झाकली जाईल. दुसरीचे काय, ते मी सांगू शकत नाही. अम्माने "व्हय" म्हटले आहे.

मी मिरजेहून परत आले तर हा कागद फाडावा. छपराचे काम मी स्वतः उभी राहून करून घेईन.

सही: मेहरुन्निसा जैनोद्दीन तांबोळी

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली आणि ज्यांनी माझ्यासमोर केली:
द्वारकाबाई आंबादास क्षीरसागर, शिक्षिका, वाघजाळी
महांतप्पा शरणप्पा हत्तुरे, नकशानवीस, धाराशिव

मुक्काम धाराशिव, रविवार, दि. ५ जानेवारी १९६४

(खालील मजकूर फक्त भाईजान यांच्या प्रतीवर.)

भाईजान,

ज्या वर्षी खातून शाळेत गेली, त्या वर्षी सगळ्यांनी टोपली-टोपली माती दिली आणि तुम्ही बैलगाडी भरून नेली. ती गाडीच्या पुढे बसली होती. गावाने ते पाहिले आहे, पण तुमच्या तोंडावर कोणी बोलत नाही. तुम्ही दोन वर्षे माझ्या पत्र्यांना दोष देत आहात. मी तो देऊ दिला.

आता हिशेब ऐका. तुमच्या गाडीने जाडी एक इंचाने वाढली. ती गाडी गेलीच नसती तर तेरा इंच असती. ती तुळई नऊ इंचांपर्यंतच सुरक्षित होती, आणि नववा इंच, खालचे थर जाड असल्यामुळे, १९५२ सालच्या आत पडला, खातूनच्या जन्माआधी. तेरा इंचांवरही ती त्या दिवशी मोडलीच असती. हा हिशेब मी दोनदा केला आणि महांतप्पांकडून कारण न सांगता तिसऱ्यांदा करून घेतला. उत्तर तेच आले.

वकील म्हणाले, वारसाची संमती मृत्यूनंतरच धरली जाते, आधी दिलेली बांधील नसते. तरीही मला ती मिरजेला जाण्याआधी वाचायची आहे. पहिली गार माघ संपतासंपताही पडू शकते.

बुधवार, दि. १५ जानेवारीच्या संध्याकाळपर्यंत "हो" किंवा "नाही" एवढे लिहून द्वारकाबाईंकडे द्यावे. "हो" असेल तर सोबत किल्ली द्यावी.