वाढीव बागपट्टी

४ मार्च

चि. चिमण्यास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं. छापखान्याच्या इमारतीवर पाडायची नोटीस लागली हे वाचून जीव खालीवर झाला. आणि तू लिहितोस काय, तर उंदरांनी आधीच दुसरी जागा बघितली, मीच तेवढा राहिलोय. वाचून हसले आणि मग स्वतःचाच राग आला. धाकट्या भावजयीला सांग, काळजी करून तब्येत बिघडवू नकोस; नवऱ्याची बिघडलीच आहे, घरात एक माणूस तरी धड हवं.

इकडे हे अंगानं ठणठणीत आहेत. विसरणं मात्र वाढलंय. परवा मलाच विचारत होते की या घरातल्या बाई कुठे गेल्यात. पण सकाळचा फेरा अजून चुकत नाही. फाटकातून बाहेर पडायचं, डावा हात जास्वंदीच्या कुंपणावर ठेवायचा आणि कुंपण नेईल तिथवर, म्हणजे चौकातल्या बागेपर्यंत जायचं. बाकावर बसायचं. येताना उजवा हात. जन्मभर बस चालवलेला माणूस, शहराचा रस्तान् रस्ता पाठ होता. आता एवढाच मार्ग उरलाय आणि तोही डोक्याला नाही, हाताला पाठ आहे. तेवढा वेळ मी घरात एकटी असते. काही करत नाही. नुसती बसते. दिवसाचं माझं म्हणावं असं तेवढंच.

आता कामाचं. आपल्या वसाहतीत घरपट्टीसोबत दरवर्षी बागपट्टी भरतो ते तुला ठाऊक आहेच. रस्त्याकडेची झाडं, कुंपणं, चौकातली बाग, त्यांचं पाणी आणि छाटणी सगळं त्यातूनच चालतं. कित्येक वर्षं ही पट्टी वाढली नाही, पाणी मात्र महाग झालं. आता नगरकचेरीनं कळवलंय की मालकांनी वाढीव पट्टीला होकार दिला तर ठीक, नाहीतर पाणी बंद, आणि कुंपण काढून त्या जागी सिमेंटच्या लाद्या. मतं टपालानं घ्यायची आहेत. ज्याची जागा मोठी त्याची पट्टी मोठी, आणि मताचं वजनही त्याच मापानं. तुझा कोपऱ्यावरचा मोकळा प्लॉट म्हणजे आमच्या गल्लीतली निम्मी घरं म्हण.

वरच्या गल्लीतला दातांचा डॉक्टर विरोधात फिरतोय. प्रत्येकानं आपापल्या दारापुढचं बघावं, दुसऱ्याच्या फुलांना पाणी का घालायचं, असं त्याचं म्हणणं. समोरच्या शिक्षिकाबाई आणि मी उलट बाजूनं दारोदार हिंडतोय. माझ्या चपलेचा अंगठा तुटला, बाईंचा घसा बसला. तुला कागद येईल. होकारावर खूण करायची आणि पेटीत टाकायचा, एवढंच. तुझ्या आळसाला झेपेल इतकंच सांगतेय.

माया आहेच, ती पत्रातूनही दिसत राहू दे.

तुझी ताई

१४ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र धाकटीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. भावोजींच्या फेऱ्यापाशी आली आणि तिनं पत्र माझ्या हातात दिलं, पुढचं तुम्हीच वाचा म्हणाली.

कागद आलाय. टेबलावर आहे. ताई, तुला फिरवाफिरवी करून लिहिणं मला जमणार नाही, म्हणून एकदाच लिहितो. प्लॉटला गिऱ्हाईक आलंय. गोदामं बांधणारा माणूस आहे. जागा त्याला पसंत आहे, पण बागपट्टी वाढली तर घेणार नाही असं त्यानं तोंडावर सांगितलं. रिकाम्या जमिनीवर बसून वर्षानुवर्षं लोकांच्या फुलांचं पाणी भरायला मी वेडा नाही, म्हणाला.

प्लॉट विकला तरच नवा गाळा घेता येईल. गाळा मिळाला तरच यंत्र हलवता येईल. जूनच्या आत हललं नाही तर ते भंगारात जाईल, आणि या वयात यंत्राशिवाय मी कोण, ते मला सांगता येत नाही. कामगारांना मी अजून काही बोललेलो नाही. ते रोज येऊन शाई ढवळतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात.

मी नकारावर खूण करणार आहे. तुझ्यापासून लपवून केली असती तर तुला कळलंही नसतं, पण मग तुला पत्र कुठल्या तोंडानं लिहिलं असतं? भावोजींच्या सोबतीला सकाळी कोणी ठेवता येणार नाही का? विचारायचा मला हक्क नाही, तरी विचारतो.

राग आला तर शिव्या दे, पण पत्र थांबवू नकोस.

तुझा चिमण्या

२२ मार्च

चि. चिमण्यास आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी रागावले नाही असं लिहिलं तर तू ते खरं मानणार नाहीस, म्हणून लिहीत नाही.

सोबतीचं म्हणशील तर एका म्हाताऱ्या शिपायाला ठेवून बघितलं होतं. त्यानं यांचा दंड धरला तशी यांनी त्याला ढकलून दिलं. माझ्यावरही हात उचलला एकदा, ते तुला कळवलं नव्हतं. ज्यानं सगळ्या गावाला नेऊन सोडलं त्याला कुणीतरी धरून नेतंय हे सहन होत नाही. कुंपण त्यांना नेत नाही रे. कुंपणाला धरून ते स्वतः जातात. हा फरक कागदावर कुठे लिहायचा, ते मला कळत नाही.

प्लॉट तुझा, मत तुझं. तुझ्यामागे संसार आहे, कामगारांचे आहेत. हे मला समजतं. तरी एकदा विनवते. दुसऱ्यांदा विनवणार नाही.

धाकटीला आशीर्वाद.

ताई

३० मे

चि. चिमण्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

बरेच दिवस तुझं काही आलं नाही, मीही लिहिलं नाही. आज लिहिते, कारण दुसऱ्या कुणाच्या पत्रातून कळण्यापेक्षा हे माझ्याकडून कळलेलं बरं.

कचेरीच्या सभागृहात मतं मोजली. होकार थोडक्यात पडला. शिक्षिकाबाईंनी तिथल्या तिथे आकडेमोड केली आणि मला म्हणाल्या की कोपऱ्यावरचा तो मोकळा प्लॉट जरी आपल्या बाजूला असता तरी निभावलं असतं. बोलून झाल्यावर त्यांना आठवलं तो कुणाचा आहे ते.

पाणी लगेच बंद झालं. आमच्या फाटकापुढच्या तुकड्याला मी धुण्याचं पाणी घालत होते, तेवढाच हिरवा राहिला होता. गेल्या आठवड्यात माणसं आली आणि दुपारपर्यंत गल्लीतलं सगळं कुंपण मुळासकट उपटून गाडीत भरलं. हे फाटकाशी उभं राहून बघत होते. मला वाटलं संतापतील. त्यांनी मुकादमाला अगदी अदबीनं विचारलं की रस्ता किती दिवस बंद राहणार. तो म्हणाला, आजोबा, आता कायमचा. त्यावर यांनी त्याला समजावलं की मग फाट्यावर पाटी लावा, नाहीतर प्रवाशांची गैरसोय होते. माणसं हसली. वाईट नव्हती ती, पण हसली.

तुझं यंत्र हललं का? ते तरी हलू दे.

ताई

९ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

काय लिहू? दोनदा लिहून फाडलं.

गोदामवाला व्यवहार पक्का करण्याआधी जागा पुन्हा बघून आला. आल्यावर म्हणाला, ती वसाहत गेल्या खेपेला बरी दिसली होती, आता ओसाड वाटते, रस्त्यावर धूळ, झाडं वाळलेली, तिथे कुणी चांगला भाडेकरू येणार नाही. भाव निम्म्यावर आणला. मी आढेवेढे घेतले तर उठून गेला, परत आलाच नाही. ज्या नकारावर त्यानं मला खूण करायला लावली, त्याच नकारावर बोट ठेवून गेला. मी त्याला तसं बोललोही. तो म्हणाला, मत तुमचं होतं.

यंत्र भंगारवाल्यानं नेलं. दारातून अख्खं निघेना म्हणून आतच गॅसनं कापलं. मी बाहेर जाऊन उभा राहायला हवं होतं, पण शेवटपर्यंत आत थांबलो. आता दुसऱ्याच्या छापखान्यात कागद मोजून गठ्ठे बांधतो. मालक माझ्या हाताखाली शिकलेला आहे, मला अजून साहेब म्हणतो, ते जास्त लागतं. धाकटी शिवणकाम घेते. बरी आहे.

भावोजी कसे आहेत ते कळव. खरं तेच कळव.

तुझा,
चिमण्या

१८ ऑक्टोबर

चि. चिमण्यास आशीर्वाद. वि. वि.

खरं कळव म्हणालास, म्हणून सगळं लिहिते.

लाद्या बसवल्यावरही हे फेऱ्याला निघत होते. डावा हात हवेत धरून चालायचे, जणू काही आहेच तिथे. मी त्यांना दिसणार नाही अशी मागून जायची. पावसाळाभर असं चाललं. गेल्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात होते आणि ते निघून गेले. फाटकाचा आवाजही आला नाही. चौकात नाहीत, बागेत नाहीत. तसं आता बाग म्हणावी असं तिथे काही नाही. शिक्षिकाबाईंनी शाळेतून मुलं पाठवली. मी तर जुन्या बसआगारापर्यंत जाऊन आले.

संध्याकाळी दारात गाडी थांबली. दातांचा डॉक्टर यांना उतरवत होता. हे दिवसभर त्याच्याच दवाखान्यात, रोग्यांच्या बाकावर बसून होते. कुणी हटकलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं की यांचाही नंबर यायचाय. बंद करायची वेळ झाली तेव्हा कळलं. पायात एकच चप्पल, तळवा भाजून सोललेला, कपडे ओले. डॉक्टरनं स्वतःचा टॉवेल यांच्या कमरेला गुंडाळला होता. फाटकाबाहेरच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही. मला हे ठाऊक नव्हतं, एवढंच म्हणाला. त्याला सुनवायचं म्हणून किती महिने मनात वाक्यं जुळवली होती मी. त्यातलं एकही आठवलं नाही. मी त्याचे आभार मानले आणि टॉवेल धुऊन पाठवते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप लावलं. हे सकाळी तिथे जाऊन उभे राहतात. आधी मला समजुतीनं सांगतात की बाई, दार उघडा, गाडी सुटायची वेळ झाली, लोक खोळंबलेत. मग गज हलवतात. मग रडतात. इतक्या वर्षांच्या संसारात मी यांना रडताना पाहिलं नव्हतं. किल्ली माझ्या कमरेला असते आणि ते किल्लीकडे बघतात. मी कोण हे त्यांना आठवत नाही, पण कोंडणारी मीच, एवढं कळतं.

तुला दुखवावं म्हणून लिहिलेलं नाही. दुसरं कुणी नाही लिहायला.

ताई

२९ ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून कामावर गेलो आणि मोजलेले गठ्ठे पुन्हा मोजायला लागले, इतकी हातून चूक झाली. मालकाकडे रजा मागितली. तो म्हणाला, साहेब, रजा घ्या, पण जागा धरून ठेवता येणार नाही. इकडे धाकटीच्या डोळ्यांनी सुईत दोरा जाईनासा झालाय. तरी तू ये म्हण, मी सगळं टाकून येतो. तू म्हणाली नाहीस तर काय करू ते मला समजत नाही.

उत्तर धाडच.

चिमण्या

११ मार्च

चि. चिमण्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही. ये म्हणवेना, नको म्हणवेना. ये म्हटलं असतं तर तुझी आहे ती जागाही गेली असती, आणि येऊन तू काय केलं असतंस? माझ्यासोबत गजाला धरून उभा राहिला असतास.

आता त्याचीही गरज नाही. फाटकाचं कुलूप मी काढून टाकलंय. थंडीत कधीतरी हे तिकडे जायचे थांबले. आधी पायरीपर्यंत यायचे, मग खोलीच्या दारापर्यंत, आता खाटेवर बसवलं की बसून राहतात. मी दार सताड उघडं ठेवून बघितलं. बाहेर पाहिलंही नाही त्यांनी. उचलायला-बसवायला एक बाई अर्धा दिवस येते. माझ्या निवृत्तिवेतनातला मोठा वाटा तिच्याकडे जातो.

काल कचेरीचा कागद आला. तुलाही आला असेल. ओसाड रस्त्यामुळे घरांच्या किमती पडल्या, तेव्हा लोकांना जाग आली. लाद्या काढून पुन्हा कुंपण लावायचं आहे, त्यासाठी बागपट्टी मागच्या वर्षी मागितली होती तिच्याहूनही जास्त. या खेपेला डॉक्टरसुद्धा होकाराच्या बाजूनं फिरतोय. शिक्षिकाबाई माझ्याकडे आल्या होत्या, पुन्हा एकत्र हिंडू या म्हणाल्या. यांना सोडून निघता येत नाही असं सांगितलं. त्यांनी माझे हात हातात घेतले आणि म्हणाल्या, मत तरी आहे ना तुमचं. मी मान हलवली.

त्या गेल्यावर मी नकारावर खूण केली. वाढीव पट्टी भरली तर बाईला येऊ नको सांगावं लागेल. आणि आज लावलेलं कुंपण माणसाच्या हाताला लागेल इतकं वाढायला जी वर्षं लागतात, ती यांच्याजवळ नाहीत. कागद घडी करून पाकिटात घातला, कोपऱ्यावरच्या पेटीत टाकला आणि परत येऊन यांना भरवलं.

तुला खूण करताना काय वाटलं असेल ते मला आता कळलं, असं लिहावं म्हणून बसले होते. पण ते खरं नाही. तुला निदान त्रास झाला होता, तू तो लिहिलाही होतास. मला काहीच वाटलं नाही, चिमण्या. त्याचीच भीती वाटते.

तू तुला योग्य वाटेल ते मत दे. धाकटीच्या डोळ्यांना कुणाला तरी दाखव. आणि जमेल तेव्हा दोन ओळी लिहीत जा. मला उत्तर सुचलं नाही तरी तू लिहीत जा.

तुझी,
ताई